रत्नाकरची हीबी

गार्गीचा फोन आला तेव्हा मी गार्डन सेंटरमध्ये टोमॅटोची रोपं निवडत होतो. ट्रॉलीत कंपोस्टची पिशवी, चष्मा घरी विसरलेला, त्यामुळे रोपांवरची लेबलं हातभर लांब धरून वाचण्याचा माझा उद्योग चाललेला. "काका..." ती म्हणाली आणि थांबली. त्या थांबण्यातच मला कळायचं ते कळलं. "बाबा पहाटे गेले. झोपेतच. आई इज ओके, पण तुम्ही येता का?" मी 'येतो' म्हणालो, रोप कुठल्यातरी रॅकवर ठेवलं, ट्रॉली तशीच सोडली आणि गाडीत येऊन बसलो. बराच वेळ गाडी सुरूच केली नाही, समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचत राहिलो. मग वाटलं, आता माणसं येतील, कुमुदवहिनींना सगळ्यांसाठी चहा टाकावा लागेल, घरात दूध पुरेसं असेल की नाही कोण जाणे. मग दूध घेतलं आणि त्यांच्याकडे गेलो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. गार्गीचा बाप रत्नाकर हाडांचा डॉक्टर, मी भूल देणारा. तो नागपूरचा, मी पुण्याचा, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन वेगळे देशच उभे असायचे. पेशंट झोपला की तो वऱ्हाडी जेवणाचा विषय काढायचा आणि मी पुण्याची बाजू लढवायचो. "अबे विन्या, तुमच्या भाजीत गूळ असते, म्हणून तुमच्या जिभेवर नसते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्टॅनमोरला आमची घरं मागच्यापुढच्या रस्त्यांवर. हॉस्पिटल मात्र दूर, लंडनच्या बाहेर हिरव्या माळावर. रोज त्याच्या गाडीतून एकत्र जायचं, एकत्र यायचं. आमच्या बायका म्हणायच्या, तुमचं दोघांचंच लग्न व्हायला हवं होतं.

ते हॉस्पिटल म्हणजे पूर्वी कुणा उमरावाचा महाल होता. मागे नव्या इमारती झाल्या होत्या, पण हाताला, पायाला प्लास्टर घालायची खोली जुन्या भागातच होती. उमरावाच्या घरच्या मंडळींचा सकाळचा नाश्ता तिथे व्हायचा म्हणे. आता तिथे दोन लोखंडी पलंग, प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायचं बेसिन आणि एक्स-रे बघायची दिव्याची पेटी. पण शेकोटीच्या वर, भिंतीत बसवलेलं एक उठावाचं चित्र त्या खोलीतून कुणी काढलं नव्हतं. फ्रेंच कारागिराने केलेलं, पांढऱ्या प्लास्टरचं. ढगावर टेकलेली एक तरुण मुलगी, अंगावर इतकं झिरझिरीत वस्त्र की त्याच्या चुण्या मोजाव्यात. उजव्या हातात उंच धरलेली सुरई, डाव्या हातात पुढे केलेली पसरट वाटी, आणि त्या वाटीकडे मान लांब करून बघणारा एक भलामोठा पक्षी. ही हीबी. ग्रीक देवांच्या पंक्तीत अमृत वाढणारी. पक्षी तिच्या बापाचा, म्हणजे देवांच्या राजाचा गरुड. हे सगळं आम्हाला खूप नंतर कळलं. रत्नाकरला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की पलंगावर उताणं झोपलेल्या पेशंटची नजर बरोबर त्या गरुडावर जाते.

आणि या माणसाने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मनगटाचं हाड सरकलं असलं की पेशंटचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचा आणि अगदी गप्पा मारल्यासारखं विचारायचं, "त्या पक्ष्याला वाटीत काय दिसत असेल हो?" पेशंट वर बघायचा, क्षणभर विचारात पडायचा, आणि तेवढ्यात खटकन हाड जागेवर. कुणी 'सूप' म्हणायचं, कुणी 'केचप'. एक म्हातारी ठामपणे 'जिन' म्हणाली, आणि मनगट बसल्यावरही आपल्या मतावर कायम राहिली. औषध रत्नाकर देतच असे, तो काही निर्दय नव्हता, पण पुष्कळदा फार कमी औषधात भागायचं. "तू आणि ती बाई मिळून माझ्या पोटावर पाय देताय," असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "तुझ्या भुलीपेक्षा तिची भूल बरी. उलट्या होत नाहीत."

मग तो महाल विकला गेला. तिथे फ्लॅट होणार असं ठरलं. शेवटच्या आठवड्यात सामान हलवायला माणसं आली होती, आणि भिंतीतलं ते चित्र पहारीने उचकटताना हीबीचा डावा हात कोपरापासून निखळला. वाटी फरशीवर पडून तिचा चुरा झाला. रत्नाकर दारातच उभा होता. कुठल्याही अपघाताला न डगमगणारा माणूस, पण त्या वेळी त्याच्या तोंडून अस्सल नागपुरी शिवी बाहेर पडली. बाहेर कचऱ्याची लोखंडी पेटी भरत होती, हीही त्यातच जाणार होती. त्याने सगळ्यांच्या परवानग्या काढल्या, चित्र ब्लँकेटात गुंडाळलं, आणि आम्ही दोघांनी ते गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलं. येताना प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत होता, "हळू बे, पेशंट आहे!" गाडी तोच चालवत होता, हे सांगायला हवं.

दारात वहिनी उभ्या. कुमुदवहिनी मूळच्या रत्नागिरीच्या. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक नाही, पण जे पाळायचं ते पाळायचं. कानतुटका कप त्या घरात एक दिवस राहायचा नाही. ब्लँकेट उलगडल्यावर त्यांनी आधी तो चेहरा पाहिला, बहुतेक आवडला, आणि मग नजर खाली आली. "अहो, हात कुठाय हिचा?"

"तुटला."

"मग आणलीत कशाला? खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला हवं?"

यानंतर जे झालं ते एखाद्या वकिलाने ऐकावं असं होतं. रत्नाकर म्हणाला, ही मूर्तीच नाही, डेकोरेशन आहे. वहिनी म्हणाल्या, पण कुणाची? तो म्हणाला, कुणाची नाही, स्वर्गातली वाढपीण आहे, वेट्रेस. वहिनी म्हणाल्या, हात नसलेली वाढपीण काय कामाची? मग त्याने हुकमी पान काढलं. वहिनी दरवर्षी शाडूच्या गणपतीसाठी हट्ट धरायच्या, प्लास्टर ऑफ पॅरिसचा देव मी देव मानत नाही असं चारचौघांत सांगायच्या. "ही पूर्ण प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे," रत्नाकर म्हणाला. "तुझ्याच नियमाने ही देव नाही. देव नाही म्हणजे मूर्ती नाही. मूर्ती नाही तर खंडित कशी होईल?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. हीबी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली, तूर्तास.

ती तिथे राहिली गणपतीपर्यंत. दीड दिवसाचा गणपती, स्टॅनमोर-हॅरोची निम्मी मराठी मंडळी दर्शनाला. गणपतीला नमस्कार करून वळलं की समोर ही. आणि आपली माणसं ती! पायाशी गरुड दिसला, मग विष्णूचं वाहन, मग ही लक्ष्मीच असणार. एकाने हात जोडले की मागचा जोडतोच. संध्याकाळपर्यंत तिच्या सुरईत जास्वंद नाही म्हणून लाल कार्नेशन खोचलेलं होतं आणि कपाळाला कुंकू लागलेलं होतं. वहिनी अस्वस्थ. रत्नाकर लोकांना 'वाढपीण, वाढपीण' म्हणून सांगत होता, पण कुणी ऐकेना. शेवटी गार्गी पुढे झाली. तेव्हा ती शाळेत होती, लॅटिन वगैरे शिकायची, आणि वडिलांना मदत करायला गेली. "आई, अ‍ॅक्चुअली ती लक्ष्मी नाहीये. ती हीबी आहे, झ्यूसची मुलगी. गॉडेस ऑफ यूथ."

"गॉडेस?" वहिनी म्हणाल्या.

"हो, प्रॉपर गॉडेस. तिची टेम्पल्स पण होती."

रत्नाकरने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी गणपती निघाले तेव्हा वहिनी म्हणाल्या, हिलाही बरोबरच न्या, एका खेपेत काम होईल. तो मात्र अडून बसला. नदीत टाकणार नाही, कुणाला देणार नाही, विकणार नाही. बराच वेळ दोघांत बोलणं झालं, आम्ही बाहेर आरतीची ताटं आवरत बसलो. मग तह झाला. गॅरेज हे घर नव्हे, असं दोन्ही पक्षांनी मान्य केलं.

पुढची कितीतरी वर्षं ती गॅरेजमध्ये होती. आणि खरं सांगायचं तर तोही. गाडी कायमची बाहेर आली, आत एक हीटर, एक रेडिओ, दोन स्टुलं. रविवारी सकाळी मी जायचो, वहिनी मधल्या दारातून चहा द्यायच्या, आत पाऊल टाकायच्या नाहीत. चिडून नव्हे, नियम म्हणून. तिथे बसून आम्ही निवृत्तीच्या, आईवडिलांच्या, न झालेल्या परतीच्या गप्पा मारल्या. तिथेच त्याने हीबीचा हात करायला घेतला. "आयुष्यभर लोकांचे हात जोडले, हिचा जोडता येत नाही म्हणजे काय?" नमुन्यासाठी वहिनींनी वाटी धरून उभं राहावं अशी त्याने विनंती केली. वहिनींनी आमटीला फोडणी द्यायची आहे असं सांगितलं. मग उरलो मी. मी वाटी धरून बसलो, त्याने तारेवर प्लास्टर चढवलं, हाडं, स्नायू, मनगटाची गाठ, सगळं शास्त्रशुद्ध. हात जागेवर बसला आणि आम्ही दोघे मागे सरकून बघायला लागलो. ढगावर बसलेली सुकुमार मुलगी, आणि तिला एका साठीच्या पुणेकराचा हात. बस थांबवायला उभी असल्यासारखी दिसत होती. रत्नाकर हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. संध्याकाळी त्याने स्वतःच तो हात उतरवला.

नंतर कुणाच्यातरी ओळखीने अशा जुन्या कामांची दुरुस्ती करणाऱ्या एक बाई आल्या. हातमोजे घालून, टॉर्च तिरका धरून त्यांनी हीबीला तपासलं. अठराव्या शतकाच्या अखेरचं फ्रेंच काम असावं, साच्यातून काढलेलं, म्हणजे हिच्या बहिणी आणखी कुठे कुठे असतील, पण कारागिराचा हात साफ आहे, असं म्हणाल्या. नवा हात करावा का, असं रत्नाकरने विचारलं. "मी नाही करणार," त्या म्हणाल्या. "हिच्या बाबतीत जे घडलं ते घडलं. फक्त आणखी पडझड होऊ देऊ नका." त्या गेल्यावर रत्नाकर मला म्हणाला, "ऐकलंस? कन्झर्व्हेटिव्ह ट्रीटमेंट! कापाकापी नाही. शेवटी बाई शहाणी निघाली." मधल्या दारातून वहिनींनीही ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या बाईंच्या घरी देव्हारा नसेल."

मग रत्नाकरला झटका आला. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू थोडा परत आला, हात नाही आला. बोलणं जड झालं, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. इतक्या लोकांच्या हातांना वळण लावलं त्याने, आणि आता स्वतःचा उजवा हात उशीवर ठेवलेल्या सामानासारखा उचलून इकडचा तिकडे ठेवावा लागत होता. मी डॉक्टर आहे, मला सगळं कळत होतं, आणि काही उपयोग नव्हता. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याची खुर्ची आली. गॅरेजला दोन पायऱ्या होत्या, त्यामुळे तिकडे जाणं बंदच झालं.

एका दुपारी मी बसलो होतो. त्याने हट्टाने डाव्या हाताने कप उचलला आणि सगळा चहा छातीवर सांडला. वहिनी नॅपकिन घेऊन धावल्या. पुसताना त्या त्याला रागावत होत्या, जसं आपण घाबरलं की रागावतो. तो त्यांचं मनगट धरून म्हणाला, "कुमुद... खंडित मूर्ती... घरात नको." आणि मधल्या दाराकडे मान केली. "मला पण... गॅरेजमध्ये ठेव."

तो हसत होता, अर्ध्या तोंडाने. नेहमीसारखा विनोदच केला होता त्याने. पण वहिनींचा हात थांबला. त्या आत गेल्या आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो नळ चालू होता. मी त्याला म्हणालो, "गाढवा, हे बोलायचं होतं का?" त्याने डोळे मिटले. तेव्हा मला कळलं, विनोद नव्हता तो. त्याला खरंच विचारायचं होतं.

रात्र होण्याआधीच वहिनींचा फोन आला. "विनायकभावजी, उद्या येताय का? गार्गी ब्रॅकनेलहून येतेय. एका बिल्डरला बोलावलंय मी. तुमची ड्रिल मशीन पण आणा, त्याच्याकडे असेलच, पण असू दे." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही हीबीला गॅरेजमधून काढलं, बागेला वळसा घालून पुढच्या दारी आणलं. बिल्डर आत शिरणार तोच वहिनी म्हणाल्या, "थांबा." आतून तांब्या घेऊन आल्या, चित्राच्या खालच्या कडेवर, जिथे तिची पावलं होती तिथे, थेंबभर पाणी घातलं. घरात भाकरी नव्हती, म्हणून ब्राउन ब्रेडचा तुकडा तिच्यावरून ओवाळला आणि झुडपाकडे टाकला. बिल्डर बिचारा हातांत एवढं ओझं घेऊन निमूट उभा होता. गार्गी रडायला लागली होती. शेकोटीच्या वर, त्याच्या खुर्चीच्या बरोबर समोर, हीबी बसवली. रत्नाकर बघत होता. सगळं झाल्यावर त्याने विचारलं, "देवी... की वाढपीण?"

"पाहुणी," वहिनी म्हणाल्या. "आणि पाहुण्यांना हातपाय मोजून घरात घेत नाहीत."

त्यानंतरची वर्षं, सांगायला संकोच वाटतो, पण आनंदाची गेली. दुपारी वहिनी त्याला चहा पाजायच्या. कप त्याच्या ओठाशी नेला की तो समोर गरुडाकडे बघायचा आणि मला म्हणायचा, "बघ विन्या... मी पण... चोच उघडून." "चोच मिटा आधी, गरम आहे," असं म्हणत वहिनी फुंकर घालायच्या. शेवटच्या भेटीत मी त्याला त्याचाच जुना प्रश्न विचारला. इतक्या जणांना विचारलंस, आता तू सांग, त्या पक्ष्याला वाटीत काय दिसत होतं? त्याने बराच वेळ विचार केला. मला वाटलं, अमृत म्हणेल. "चहा," तो म्हणाला. "आलं... घातलेला."

इथे अंत्यसंस्काराला तारीख मिळावी लागते, त्यामुळे दिवसकार्याचं वेळापत्रक आपोआपच पुढे सरकतं. घरीच छोटासा विधी करायचा ठरलं. गुरुजी बेसिंगस्टोकचे, तरुण, आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात आणि शनिवार-रविवारी लॅपटॉपच्या बॅगेतून पळी-पंचपात्री काढतात. मुलगा फार नम्र, उच्चार स्वच्छ. आदल्या दिवशी जागा बघायला आला. पुढची खोली त्याला आवडली, पाट कुठे, फोटो कुठे, सगळं ठरवलं. मग त्याची नजर वर गेली. तो जरा घुटमळला.

"काकू, हे... म्हणजे मूर्ती खंडित आहे ना. तशी ही आपली नाही, पण विधीच्या ठिकाणी नको असं मला वाटतं. उतरवायला हेवी असेल तर आपण नुसतं कापड टाकू वरून. जस्ट उद्यापुरतं."

गार्गीने माझ्याकडे पाहिलं. मुलगा चुकीचं काही बोलत नव्हता. हेच तर वहिनींनी आयुष्यभर पाळलं होतं, हे वाक्य त्यांचंच होतं. पुन्हा विधी त्याच्यासाठी, रत्नाकरला पुढची वाट नीट मिळावी म्हणून. त्यात काही उणं राहावं असं त्यांना वाटणं शक्यच नव्हतं. त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या चादर आणायला आत जातील.

"झाकायचं नाही तिला," वहिनी म्हणाल्या. "उतरवायचंही नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे, गुरुजी, विधीत कमीजास्त मलाही नको. आपण विधी गॅरेजमध्ये करू."

"गॅरेजमध्ये?" गुरुजी म्हणाले. "चालेल का, काकू?"

"ह्यांना चालेल," वहिनी म्हणाल्या. "चला, झाडून घेऊ."

त्या पुढे, आम्ही मागे. मधलं दार उघडून त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि गॅरेजमध्ये गेल्या. इतक्या वर्षांत त्यांना तिथे उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आत अजून प्लास्टरचा तो कोरडा, गार वास होता. दोन स्टुलं होती तशीच समोरासमोर. वहिनींनी केरसुणी भिंतीला टेकवली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "भावजी, ह्यांचं कुठलं?" मी दाखवलं. त्यांनी पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि बसल्या.